दादाची बरणी

"काय सुरेख बरणी आहे हो वहिनी!" मी म्हणाले. "वर्षाचं लोणचं आरामात मावेल हिच्यात."

त्या घरात पाऊल टाकून मला तासही झाला नव्हता. काहीतरी चांगलं बोलायला हवं म्हणून मी इकडेतिकडे बघत होते, तर अंगणाच्या कोपऱ्यात ही बरणी दिसली. तपकिरी, चकचकीत, मांडीएवढी उंच, वर झाकण. नवी कोरी. वहिनीला मराठी येत नव्हतं आणि मला चिनी. आमच्या दोघींच्या मध्ये माझी भाची निंग बसली होती. तिनं आईला काही सांगितलं नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "ती लोनच्याची न्हाई. बाबांची हाय."

"दादा लोणचं घालायचा?"

"न्हाई गं. परवा बाबांना त्यात बसवायचं हाय."

मी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. वहिनीला काय झालं ते समजलं असावं. तिनं पेला पुन्हा भरला आणि माझ्यापुढे सरकवला.

निंगचं मराठी ऐकून मला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. चिनी चेहऱ्याची, गुडघ्यावर फाटलेली जीनची पँट घातलेली कॉलेजातली पोरगी, आणि बोलायची ती थेट आमच्या कऱ्हाडच्या बाजारातली भाजीवाली बोलते तसं. शशीदादानं तिला लहानपणापासून तेच शिकवलेलं. मराठीत दोन शिव्याही चांगल्या येत होत्या तिला, कारखान्यातल्या. बाबा हा शब्द मात्र त्यांच्याकडेही बाबाच.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. निंगला आता स्वतःची मुलगी आहे आणि मी एसटीतून निवृत्त होऊन घरी बसले आहे. पण त्या दिवशी मी होते नोकरीतली कंडक्टरीण, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून चीनमधल्या ग्वांग्शी प्रांतातल्या लोशी नावाच्या गावात आलेली, आणि माझ्या पिशवीत लाल कापडात गुंडाळलेला तांब्याचा तांब्या होता.

त्या तांब्याचं कारण सांगते. माझा थोरला भाऊ शशिकांत साखर कारखान्यात पॅनमन होता. उसाचा रस आटत असताना साखरेचा दाणा कधी धरतो हे ओळखणारा माणूस म्हणजे पॅनमन. ग्वांग्शीत ऊस आपल्यासारखाच माजतो. तिथल्या एका कारखान्यात आपल्याकडची यंत्रं बसवायला म्हणून तो एका हंगामापुरता गेला आणि तिथलाच झाला. लग्न केलं. आमच्या वडिलांनी त्याचं नाव टाकलं. वडील गेल्यावर आता तरी तो येईल असं आईला वाटायचं, तर त्याच्याच मरणाचा फोन आला. कामावर असताना छातीत कळ आली आणि संपलं. पासपोर्ट कुठं काढतात हे आम्ही विचारेपर्यंत तिकडे त्याला डोंगरावर पुरूनही झालं होतं.

गुरुजींनी पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी दिला आणि राख कृष्णेत सोडली. शास्त्रात तशी सोय आहे म्हणाले. आई सगळं बघत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "पळसाच्या पानांचा हुता व्हय गं माझा पोरगा?" पुढची सगळी वर्षं ती तेच म्हणत राहिली.

मग एक दिवस निंगचा फोन आला. त्यांच्याकडे माणूस कायमचा पुरत नाहीत. काही वर्षांनी थडगं उघडतात, हाडं वेचून पुसतात, बरणीत ठेवतात आणि बरणी डोंगरावर चांगल्या जागी बसवतात. तेव्हा रक्ताचं माणूस हजर लागतं. "आत्या, तू ये," निंग म्हणाली.

आईनं हे ऐकलं आणि खाटेवरून उठून बसली.

"देवानंच बोलावलं," ती म्हणाली. "इंदे, जा. त्येची हाडं घिऊन ये. कृष्णेत सोडू."

"अगं, ती लोकं देतील का?"

"समदी नगं. बोटाचं एक आन. पन मोकळ्या हातानं आलीस तर दार उघडायची न्हाई मी."

आई असं उगाच बोलत नसे. वडिलांच्या हट्टापुढे वर्षानुवर्षं गप्प बसलेली बाई होती ती, आणि गप्प बसण्याचं सगळं उट्टं आता तिला काढायचं होतं. हाडं घेऊन यायची हे मी निंगला फोनवर सांगितलं नव्हतं. समोरासमोर सांगू म्हटलं. खरं म्हणजे फोनवर सांगायला जीभच उचलली नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी जेवताना मी तांब्या काढून टेबलावर ठेवला.

जेवण मोठं होतं. नदीतला मासा, आंबवलेले बांबूचे कोंब, तांदळाच्या जाड शेवया, आणि एका वाडग्यात चक्क झुणका. वाटाण्याच्या पिठाचा होता, पण झुणकाच. दादानं वहिनीला शिकवलेला. तो खाल्ल्यावर मला बोलणं आणखीनच जड गेलं. पण बोलले.

"निंग, आईला सांग. आजीनं मला दादाला न्यायला पाठवलंय. सगळा नको. थोडासा. या तांब्यात."

निंगनं सांगितलं. वहिनी तांब्याकडे बघत होती. ती बारीक अंगाची, शांत बाई. गावात तिचं शिवणाचं दुकान होतं आणि बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते. तिनं शांतपणेच काहीतरी विचारलं.

"आई म्हनती, नेऊन काय करनार?"

"आमच्या नदीत सोडणार."

निंग थांबली. "कशात?"

"नदीत गं. कृष्णेत. पाण्यात सोडायच्या अस्थी."

तिनं ते आईला सांगितलं की नाही, सांगितलं तर कसं, मला कळलं नाही. पण वहिनी उठली. भांडी गोळा केली आणि मोरीवर जाऊन धुवायला लागली. माझा वाडगा अजून अर्धा भरलेला होता, तोही घेऊन गेली.

"काय चुकलं माझं?" मी विचारलं.

"आत्या, हाडं पान्यात फेकत्यात ती दुश्मनाची," निंग म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "लई राग आसंल, त्येच्या खानदानाचं वाटोळं व्हावं वाटत आसंल, तरच. आन एक जरी हाड कमी आसलं ना, तर मानूस बरनीत नीट बसत न्हाई. बाबा लंगडं व्हतील. न्हाईतर थोटं."

"अगं, आमच्यात उलट आहे. पाण्यात सोडलं की माणूस सुटतो. मोकळा होतो."

"मग भेटायला कुटं जाता?"

"कुणाला?"

"त्या मानसाला."

मी विचार केला. "कुठंच नाही. पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतो."

"कावळ्याला?" निंगनं विचारलं. आणि मी कितीही समजावलं तरी त्यात कावळ्याचा काय संबंध, हे तिला पटेना. मलाही त्या दिवशी ते नीट सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं मला हातानं खूण केली आणि आम्ही नदीवर गेलो. निंग मागून आली.

लोशी इतकं शांत गाव होतं की माझे कान दुखायला लागले. माझं निम्मं आयुष्य घंटीच्या दोरीखाली आणि लोकांच्या बोंबाबोंबीत गेलेलं. इथे एक दगडी फरसबंदीचा रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना वरचा मजला पुढे आलेली जुनी घरं, घरांपुढे वेताच्या खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या. रस्ता संपला की घाट. घाटावर मोठा वड, वडाखाली पत्ते खेळणारे म्हातारे. नदी हिरवी, रुंद आणि इतकी संथ की कुठल्या बाजूला वाहते ते बघायला मला पाण्यात काडी टाकावी लागली. पलीकडे उसाची शेतं आणि त्यांच्या मागे एकेकटे उभे असलेले उंच डोंगर.

वहिनीला सगळे ओळखत होते आणि एका दिवसात मलाही ओळखायला लागले होते. पत्तेवाल्यांपैकी एका म्हाताऱ्यानं मला बघून दोन्ही हातांची ओंजळ केली, वर धरली आणि पाणी सोडल्यासारखं केलं. बाकीचे हसले.

"बाबा रोज असं करायचं," निंग म्हणाली. "हितंच. अंगोळ करून सूर्याला पानी द्यायचं. पयल्यांदा समदी बघायला जमायची. नंतर कुनी बघंना. बाबा कुटं गावाला गेलं तर मग इचारायची, आज सूर्याला पानी कोन देनार?"

हे ऐकून मला बरं वाटलं, आणि रागही आला. आमच्या घरी असताना याला कधी सकाळी आठाच्या आत उठवता आलं नव्हतं.

वहिनी पायरीवर बसून पालेभाजी धूत होती. तिच्या शेजारी बसून मीही धुवायला लागले. भाजी धुवायला भाषा लागत नाही. जरा वेळानं ती बोलायला लागली. माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघत. निंग मागच्या पायरीवर उभी राहून सांगत होती.

"आई म्हनती, बाबा गेलं तवा डोंगरावर जागा द्यायला कुनी तयार न्हवतं. डोंगर आईच्या वडलांच्या घरान्याचा हाय. थोरलं आजोबा म्हनले, ह्यो परका मानूस. ह्येचं घरानं कुटलं, वाडवडील कुटलं? उद्या ह्येची लोकं येतील आन उचलून नेतील. आपल्या डोंगराला भोक पडंल. आई त्येंच्या दारात बसून ऱ्हायली. उठलीच न्हाई. मग दिली जागा."

वहिनीनं भाजीची जुडी झटकली.

"आता तू नेलंस तर थोरलं आजोबा म्हनतील, मी म्हनलोच हुतो. मग आईनं ज्येच्यासाटी भांडान केलं त्यो परकाच हुता, आसं व्हईल."

दोन बायका एकाच माणसावर हक्क सांगत होत्या आणि दोघींचंही बरोबर होतं. एक इथे माझ्या शेजारी बसली होती. दुसरी कऱ्हाडजवळच्या घरात दाराला कडी घालून.

दुपारी आईला फोन लावला. मधे खरखर होती, पण आईचा आवाज नेहमीसारखाच टणटणीत.

"काय म्हनत्यात?"

मी सगळं सांगितलं. नदीचं, लंगडेपणाचं, डोंगराचं. आईनं ऐकून घेतलं.

"ती बाई चांगली हाय," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या शशीसाटी दारात बसली?"

"हो."

"मी न्हाई बसले," आई म्हणाली. "त्येचा बाप त्येला नगं म्हनत हुता तवा मी चुलीम्होरनं उठले सुदिक न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "बोटाचं एक तरी आन, इंदे. बारकं आसलं तरी चालंल. मला कायतरी हातात धरायचं हाय त्येचं."

फोन ठेवला तेव्हा माझं ठरलं होतं. मागायचं नाही. उचलायचं. कंडक्टरची बोटं आहेत ही, धावत्या गाडीत, लटकलेल्या माणसांच्या गर्दीत, न बघता तिकीट फाडणारी. बोटाचं एक बारीक हाड उचलायला मला किती वेळ लागणार होता? वहिनीला कळणार नाही, थोरल्या आजोबांना कळणार नाही. दादा थोडासा थोटा होईल, तर होवो. आईसाठी झाला म्हणून तो काही तक्रार करणार नाही, अशी मी माझी समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही डोंगर चढलो. वहिनी, निंग, मी आणि हाडं वेचणारा म्हातारा. त्याचं आडनाव मंग, निंग त्याला मंग आजा म्हणायची. बुटका, दातपडका आणि अखंड बडबड्या. पाठीवरच्या टोपलीत बरणी बांधून तो आमच्या पुढे चढत होता आणि मधूनमधून मागे वळून माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलत होता.

"काय म्हणतोय?"

"म्हनतोय, नाक बाबांसारखंच हाय."

वर पोचल्यावर त्यानं मला एक मोठी काळी छत्री दिली. हाडांना ऊन लागू द्यायचं नसतं. जमिनीतून बाहेर आल्यापासून बरणीत जाईपर्यंत त्यांच्यावर सावली पाहिजे, आणि ती सावली रक्ताच्या थोरल्या माणसानं धरायची. त्यासाठीच मला बोलावलं होतं. मुलीनं पहिलं हाड उचलायचं आणि बहिणीनं छत्री धरायची.

मंग आजानं उकरायला सुरुवात केली आणि त्याची बडबड बंद झाली. मी सांगते, भयंकर असं काही नव्हतं. माती बाजूला झाली आणि खाली स्वच्छ तपकिरी हाडं होती, एवढंच. निंगनं पहिलं उचललं. "बाबा, उटा," ती मराठीत म्हणाली. "घर बदलायचं हाय." मग चिनीतही काहीतरी म्हणाली, तेच असेल.

त्यानंतर म्हातारा एकेक हाड वर देत गेला. वहिनी ते तांदळाच्या दारूत भिजवलेल्या कागदानं पुसायची आणि लाल कापडावर मांडायची. पायाची पायाशी, हाताची हाताशी. दुकानात कापलेले कपडे मांडावेत तशी ती मांडत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. माझ्याही डोळ्यांतून वाहत होतं. समोर माझा भाऊ होता, त्याला शेवटचं बघून मला निम्मं आयुष्य झालं होतं, आणि मला त्याच्यातलं काही म्हणजे काही ओळखू येत नव्हतं.

डोंगरावर वारा सुटला. छत्री एका हातात राहीना, मी ती दोन्ही हातांनी धरली. ऊन वर आलं होतं, सावली सरकत होती आणि तिच्याबरोबर मला सरकावं लागत होतं. अशात वहिनीनं हाताची बोटं मांडली. एवढी एवढीशी हाडं. त्यातलं एक कापडाच्या कडेवरून घरंगळलं आणि गवतात माझ्या पायाशी येऊन पडलं.

कुणाचं लक्ष नव्हतं. वहिनी खाली वाकली होती, निंग कागद भिजवत होती, म्हातारा खड्ड्यात होता. मला फक्त एक हात सोडायचा होता आणि खाली बसायचं होतं. आई घरी दार लावून बसली होती, आणि तिला हातात धरायला जे हवं होतं ते माझ्या चपलेशेजारी पडलं होतं.

पण हात सोडला तर वाऱ्यानं छत्री उलटणार आणि दादावर ऊन पडणार. एवढंच मला दिसत होतं. बाकी वहिनीचा विचार, आजोबांचा विचार, बरोबर काय आणि चूक काय, यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. मला त्याच्यावर ऊन पडू द्यायचं नव्हतं.

"निंग," मी म्हणाले. "हे बघ, इथं एक पडलंय."

निंगनं ते उचललं. वहिनीनं पुसलं, जागेवर ठेवलं आणि वर माझ्याकडे बघितलं. ती बराच वेळ बघत होती. तिला सगळं कळलं होतं असं मला आजही वाटतं.

मग मंग आजा खड्ड्यातून वर आला आणि दादाला बरणीत बसवायला लागला. पाय खाली, मग मांड्या, मग कंबर, त्यावर पाठीचे मणके. माणूस पाटावर बसतो तसा. शेवटी कवटी राहिली. ती त्यानं हातात घेतली, खालचा जबडा घेतला, आणि एका छोट्या चिमट्यानं दात काढायला सुरुवात केली. एकेक काढायचा आणि केळीच्या पानावर ठेवायचा.

"हे काय करतोय?" मी ओरडलेच. "दात का काढतोय त्याचे?"

"दात बरनीत ठेवत न्हाईत," निंग म्हणाली. "मेलेला मानूस दात आसलं तर खात ऱ्हातो. पोरांचं नशीब खातो. समदं खाऊन टाकतो. म्हनून काडायचं."

"आणि मग?"

"फेकायचं. त्या खड्ड्यात टाकून माती लोटायची."

"आणि दात नसले तर तो लंगडा होत नाही? थोटा?"

निंगनं म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा हसला आणि स्वतःच्या बोळक्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"म्हनतोय, दाताबिगर मी कुटं आडलोय?"

"निंग," मी म्हणाले, "आईला विचार. ते दात मला द्याल का?"

आमच्याकडे अस्थी गोळा करताना दातही घेतात. दात म्हणजे अस्थीच. हे मी निंगला सांगितलं, निंगनं आईला सांगितलं. म्हातारा मधेच मोठमोठ्यानं बोलायला लागला. हातवारे करत होता. त्याला हे अजिबात पसंत नव्हतं. वहिनीनं त्याला थांबवलं आणि ती स्वतः माझ्याशी बोलली. हळू, एकेक शब्द सुटा करून, जणू तसं बोललं की मला चिनी कळणार होतं.

"आई म्हनती, द्यायला काय न्हाई. आमाला नगंच हाईत. पन आधी सांगितलं पायजे. ज्येच्याकडं दात आसत्यात, त्येच्या घरात त्यो मानूस जेवायला बसतो. कायमचा. तुमच्याकडं जेवायला येतील ते. चालंल का?"

"घरी कोण आहे? आई आणि मी," मी म्हणाले. "आम्हाला पोरंबाळं नाहीत नशीब खायला. चालेल म्हणावं."

वहिनीनं केळीचं पान उचललं आणि स्वतःच्या हातानं ते दात माझ्या तांब्यात सोडले. लाल कापडानं तोंड बांधलं. तिची गाठ शिंपिणीची होती, घरी आल्यावर मला ती दातांनी सोडवावी लागली. त्यानंतर तिनं बरणीवर झाकण ठेवलं, आणि तोवर मी छत्री खाली घेतली नाही.

उतरताना मी निंगला विचारलं, "मग इकडे कसा जेवणार दादा? तुम्ही दर वर्षी डोंगरावर ताट घेऊन येता म्हणालीस ना?"

"हितं वास घेनार," निंग म्हणाली. "वासावर भागतं त्येंचं."

परतीचा प्रवास करून कऱ्हाडला घरी पोचले तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. आईनं दार उघडलं, पण ते माझ्यासाठी नाही. माझ्या तोंडाकडे न बघता तिनं पिशवीत हात घातला.

तांब्यातले दात तिनं पदरात ओतून घेतले. एकेक करून बोटानं बाजूला सारत बसली. एक पुढचा दात होता, थोडा तिरका, कोपऱ्यावर टवका उडालेला. तो तिनं उचलून उजेडात धरला.

"ह्यो," ती म्हणाली. "चिंचंवरनं पडला हुता तवाचा. तू पाळन्यात हुतीस." आणि ती रडली. पळसाच्या पानांना अग्नी दिला त्या दिवशी तिच्या डोळ्याला पाण्याचा टिपूस आला नव्हता. आता पदर हलला तर दात सांडतील म्हणून ती न हलता रडत होती. मी तिच्याजवळ बसून राहिले.

ती शांत झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. छत्रीचं, बरणीचं, दात का काढतात ते. ज्याच्याकडे दात असतील त्याच्याकडे तो जेवायला बसतो, हेही सांगितलं. आणि मग सांगितलं की गुरुजींना निरोप दिलाय, उद्या सकाळी घाटावर यायचं म्हणून.

"आन तिकडं?" आईनं विचारलं. "तिकडं कसा जेवतोय त्यो?"

"तिकडे नुसता वास घेतो म्हणे. वासावर भागतं त्यांचं."

आई माझ्याकडे बघत राहिली.

"नुस्त्या वासावर?"

"असं निंग म्हणाली."

आईनं दात पुन्हा तांब्यात भरले. कापड बांधलं नाही. तांब्या घेऊन ती उठली, चुलीजवळ गेली आणि भिंतीशी, वडिलांच्या नेहमीच्या जागी, पाट टाकून त्याच्यापुढे तो ठेवला. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "गुरुजीस्नी सांग, उद्या नगं."

"मग कधी?"

"बगू म्होरं. नदी कुटं पळून चाललीया?" तिनं पदर खोचला. "आन उभी काय ऱ्हायलीस? ताट वाढ त्येला."